इफिसचा जमाव आणि आपली भीती

अभ्यासपाठ
शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १९:२३-४१
पूरक वाचन : यिर्मया ७:१-११, यिर्मया २९:४-७, १ पेत्र ३:१३-१६



'आपली संस्कृती बुडत चालली आहे' हे वाक्य आज कोणत्याही गावी ऐकू येते. कोणी ते व्यासपीठावरून गर्जून सांगतो, कोणी भ्रमणध्वनीवरून संदेशरूपाने धाडतो. आणि कधी कधी रविवारची उपासना आटोपल्यावर उपासनामंदिराच्या पायऱ्यांवरही ते कानी पडते. संस्कृती कोण बुडवतो, याचे उत्तर मात्र सांगणाऱ्यागणिक बदलते. एक जण मुसलमानांकडे बोट दाखवतो, दुसरा आपणा ख्रिस्ती जनांकडे, तिसरा देव न मानणाऱ्या इहवाद्यांकडे. या पाठात आपल्याला दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ऱ्हासाची ही कथा मनाचा ताबा कशी घेते? आणि इहवादी विचारांच्या संघटनांशी, तसेच सर्वांना समान लेखणाऱ्या कायद्याशी, ख्रिस्ती माणसाने कसे वागावे? प्रथम रायपूरला घडलेला एक प्रसंग पाहू आणि मग पवित्र शास्त्राकडे वळू.

१. रायपूरचा मंच

छत्तीसगडची राजधानी रायपूर आपणा मराठी वाचकांना परकी नाही. या मुलखावर एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि मराठी घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. या शहरात २५ व २६ डिसेंबर २०२१ रोजी एक धर्मसंसद भरली. पहिला दिवस नाताळचा होता. दुसऱ्या दिवशी मूळचे अकोल्याचे कालिचरण महाराज भाषणास उभे राहिले. आपले राष्ट्र परधर्मीय गिळंकृत करीत आहेत, असे भयचित्र त्यांनी उभे केले, महात्मा गांधींना अपशब्द वापरले आणि त्यांच्या मारेकऱ्याची स्तुती केली. श्रोत्यांतून टाळ्या पडल्या.

त्याच मंचावर रायपूरच्या प्राचीन दूधाधारी मठाचे महंत रामसुंदर दास उपस्थित होते. ते बोलावयास उठले, त्यांनी या शब्दांचा जाहीर निषेध केला, त्या संसदेशी असलेला आपला संबंध तोडला आणि ते मंचावरून उतरून निघून गेले. पुढे रायपूर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि ३० डिसेंबरला मध्य प्रदेशात खजुराहोजवळ वक्त्याला अटक केली. त्यांना उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला, तो २०२२ च्या एप्रिलमध्ये.

या प्रसंगातील तीन माणसे ध्यानात ठेवा : भीती सांगणारा, तिला नकार देणारा आणि कायदा चालवणारा. इफिस शहरातही आपल्याला हीच तीन माणसे भेटतात.

२. इफिसचा सोनार

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात देमेत्रिय नावाचा एक सोनार आहे. अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे घडवून तो व त्याचे कारागीर चांगली कमाई करीत. पौलाच्या उपदेशाने गिऱ्हाईक कमी होऊ लागले, तेव्हा त्याने कारागिरांची सभा भरवली. त्याच्या भाषणाचा क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम तो धंद्याचे नुकसान सांगतो. लगेच त्यावर देवीच्या अपमानाची झूल चढवतो. शेवटी अवघ्या आशियाची, किंबहुना सगळ्या जगाची पूज्य देवता वैभवाला मुकेल, अशी भीती घालतो. एका पेठेची तक्रार अशा रीतीने एका संस्कृतीचे संकट होऊन बसते.

पुढे काय झाले? सारे शहर नाट्यगृहाकडे धावले. पौलाचे सोबती गायस व अरिस्तार्ख यांना लोकांनी फरपटत नेले. आपण कशासाठी जमलो आहोत हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते, असे लूक नमूद करतो. आलेक्सांद्र नावाचा यहूदी खुलासा करण्यास पुढे आला, तर तो यहूदी आहे एवढे कळताच त्याचा आवाज बुडवण्यात आला. सुमारे दोन तास एकच घोष चालला. लक्षात घ्या, भीती पौलाची घातली होती, पण तोंड बंद झाले ते आलेक्सांद्राचे. ऱ्हासाच्या कथेला कोणी तरी परका लागतो, आणि तो कोण असावा याविषयी ती फारशी चोखंदळ नसते.

आपल्या देशात ही कथा नवी नाही. 'हिंदू ही मरणोन्मुख जात आहे' असा सूर १९०९ साली कलकत्त्याच्या यू. एन. मुखर्जी यांच्या पुस्तिकेत निघाला, आणि तो पुढे वारंवार आळवला गेला. त्याच्याशेजारी जनगणनेचे आकडे मांडून पाहा. भारतात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण १९५१ साली शेकडा २.३ होते, २०११ सालीही ते शेकडा २.३ च होते. छत्तीसगडात २००१ साली ते शेकडा १.९२ होते, आणि दहा वर्षांनी २०११ सालीही १.९२ च होते. ज्यांच्या वाढीमुळे संस्कृती बुडते असे सांगितले जाते, ते जिथल्या तिथेच आहेत. परंतु एवढे सांगून देमेत्रियाचे समाधान होत नाही. त्याचा श्रोता हिशेब मागावयास आलेलाच नसतो.

३. शिरस्तेदाराची साक्ष

इफिसचा जमाव कोणी शांत केला? पौलाने नव्हे, त्याला तर शिष्यांनी आत जाऊच दिले नाही. आशियाचे काही अधिकारी त्याचे मित्र होते. त्यांनीही निरोप पाठवून त्याला आवरले. जमाव शांत केला तो नगराच्या शिरस्तेदाराने. हा मनुष्य ख्रिस्ती नव्हता. तो नास्तिकही नव्हता. अर्तमीच्या थोरवीविषयी त्याला शंका नव्हती. तरीही त्याने तीन गोष्टी सांगितल्या. ज्यांना तुम्ही धरून आणले आहे त्यांनी मंदिर लुटलेले नाही आणि देवीची निंदाही केलेली नाही. कोणाची काही तक्रार असेल तर न्यायसभा भरतात, अधिकारी आहेत, तेथे जावे. आणि आजच्या दंगलीचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

राज्यव्यवहारातील धर्मनिरपेक्षता म्हणजे काय, हे समजण्यास यापेक्षा सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. शिरस्तेदार स्वतःचा धर्म सोडत नाही. पण न्यायाच्या दारात तो धर्म पाहत नाही. काही जण या शब्दाचा अर्थ 'निधर्मी' असा करून आपल्याला भिववतात. इफिसच्या या अधिकाऱ्याने त्यांची शंका दोन हजार वर्षांपूर्वीच फेडली आहे.

अर्थात शिरस्तेदाराचा कायदा निर्दोष असतो असे नाही, आणि याचेही उदाहरण रायपूर जिल्ह्यातच आहे. जुन्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली ख्रिस्ती मिशनांच्या चौकशीसाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने धर्मांतराकडे राष्ट्रावरील संकट म्हणून पाहिले. पुढे १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्य अधिनियम आला. त्याखाली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर त्या काळी रायपूर जिल्ह्यात असलेल्या बलौदा बाजारच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खटला चालवण्यात आला. त्यांनी कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिले. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत ३ जानेवारी १९७७ पासून अंमलात आला. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस यांच्याविरुद्ध निकाल दिला. धर्माचा प्रसार करण्याच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्यापैकी पुष्कळांना हा निकाल सलतो, आणि त्याविषयी कायदेशीर मार्गाने बोलण्याचा आपल्याला हक्क आहे.

पण या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की ती कटुतेने नव्हे, तर नम्रतेने स्मरावी. ज्या १९५६ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आणि त्यांच्यासमवेत दीक्षा घेणाऱ्यांत न्यायमूर्ती नियोगीही होते. माणसाचा विवेक त्याला कोठे नेईल हे कोणती समिती सांगू शकत नाही. तो विवेक मोकळा राहावा एवढेच आपण आपल्यासाठी मागतो. म्हणून तो आपल्या शेजाऱ्यासाठीही मागितला पाहिजे.

४. इहवादी संघटना आणि आपण

आता इहवाद्यांकडे वळू. 'सेक्युलॅरिझम' हा शब्द इंग्लंडात १८५१ साली जॉर्ज होलिओक याने रूढ केला, आणि १८६६ साली चार्ल्स ब्रॅडलॉ याने तेथे राष्ट्रीय पातळीवरची संस्था स्थापली. ब्रॅडलॉ लोकांमधून निवडून आला, तरी शपथेच्या वादामुळे त्याला पार्लमेंटात बसण्यासाठी १८८० पासून १८८६ पर्यंत झगडावे लागले. हे आपण विसरू नये की त्याच्यासमोर दार लावून उभे असलेले बहुतेक लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होते. त्या प्रसंगी आपण आलेक्सांद्राच्या जागी नव्हतो, आरडाओरड करणाऱ्यांत होतो.

आपल्या महाराष्ट्रात प्रा. अ. भि. शहा यांनी १९६८ साली इंडियन सेक्युलर सोसायटी काढली. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम सुरू केले. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झिजले. हा कायदा झाला तर धर्म बुडेल, असा प्रचार त्यांच्याविरुद्ध चालला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले; कायदा त्याच वर्षी झाला, आणि धर्म काही बुडाला नाही.

रायपूरलाही अशी एक समिती आहे. डोळ्यांचे डॉक्टर दिनेश मिश्र हे तिच्याद्वारे गावोगाव जाऊन 'टोनही' म्हणून छळल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने उभे राहिले. टोनही म्हणजे चेटकीण. गावात मूल दगावले, जनावर मेले की एखाद्या विधवेवर किंवा एकाकी बाईवर हा आळ येतो. मग मारहाण, धिंड आणि कधी कधी मृत्यूही. छत्तीसगड शासनाने २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. वाचकहो, व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या त्या स्त्रीसमोर आपला प्रभू उभा राहिला होता, आणि दगड उचललेले हात खाली आले होते. आज कोणी देवाचे नाव न घेता तेच दगड खाली ठेवावयास लावीत असेल, तर त्याला आपण शत्रू कसे म्हणावे?

मतभेद आहेतच. देव नाही असे जो म्हणतो त्याच्याशी आपण सहमत होऊ शकत नाही. प्रार्थनेने रोग हमखास बरा होईल असे छापणाऱ्या आपल्याकडील काही सभांवर हे लोक बोट ठेवतात, तेव्हा आपण चिडतो. परंतु चिडण्याआधी आपण स्वतःला विचारावे : आजारी माणसाचे औषध बंद करावयास लावणाऱ्या उपदेशकाविषयी आपणच आधी बोलावयास हवे होते की नाही?

५. देव न मानताही ही कथा सांगता येते

येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. इहवादी माणूस ऱ्हासाच्या कथेपासून आपोआप सुरक्षित असतो, असे नाही. याचा पुरावा मराठी वाचकाला घरचाच आहे. विनायक दामोदर सावरकर हे विज्ञाननिष्ठ लेखक. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असे त्यांनी निर्भीडपणे लिहिले. अस्पृश्यतेविरुद्ध रत्नागिरीत त्यांनी केलेले काम कोणीही मान्य करील. पण त्याच सावरकरांनी १९२३ च्या 'हिंदुत्व' ग्रंथात ज्याची पितृभू व पुण्यभू दोन्ही भारत, तोच हिंदू, अशी व्याख्या केली. आणि येथेच जन्मलेले ख्रिस्ती व मुसलमान तिच्या बाहेर राहिले. देव्हारा रिकामा झाला, तरी कुंपण उभेच राहिले.

पश्चिमेकडेही हेच दिसते. रिचर्ड डॉकिन्स हे नास्तिकमताचे जगप्रसिद्ध पुरस्कर्ते. २०२४ साली त्यांनी आपण 'सांस्कृतिक ख्रिस्ती' असल्याचे सांगितले आणि इस्लामच्या तुलनेत ख्रिस्ती वातावरण आपल्याला बरे वाटते, असे मत दिले. असे ऐकून आपल्यापैकी काहींना आनंद वाटतो. तो वाटू नये. ख्रिस्तावाचून ख्रिस्ती संस्कृती हवी असणे म्हणजे वधस्तंभ नको, पण त्याच्या लाकडाची भिंत हवी, असे होईल. ती भिंत कोणासाठी बांधली जाते हेही उघड आहे. २०११ साली नॉर्वेत ७७ जणांचा बळी घेणाऱ्या खुन्यानेही आपण ख्रिस्ती युरोपाचे रक्षण करीत आहोत, असाच दावा केला होता.

६. आपल्या घरातील देमेत्रिय

म्हणून बोट आता स्वतःकडे वळवू. १९३० च्या दशकात जर्मनीत पराभवाने व दारिद्र्याने गांजलेल्या लोकांना राष्ट्राच्या ऱ्हासाची कथा सांगण्यात आली, आणि 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या चळवळीने ती मंडळीत आणली. यहूदी वंशाच्या ख्रिस्ती जनांना बाहेर काढण्यापर्यंत त्यांची मजल गेली. १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन येथे जमलेल्या थोड्या लोकांनी जाहीर केले की मंडळीने ऐकावे असे वचन एकच, आणि ते म्हणजे येशू ख्रिस्त. ते थोडे होते, पण मंडळीचे नाव त्यांनी राखले.

आपल्या मंडळ्यांतही देमेत्रिय येतो. तो मृदू आवाजात बोलतो. 'अमक्या धर्माचे लोक आपल्या मुली पळवतात', 'अमक्यांची संख्या वाढत आहे, आपली घटत आहे', 'या इहवाद्यांनी शाळांतून देव काढला म्हणून तरुण बिघडले' असे संदेश आपण खात्री न करता पुढे धाडतो. आपल्याविषयी हेच कोणी लिहिले की आपल्याला वेदना होतात. दुसऱ्याविषयी लिहिताना बोट थबकत नाही. छत्तीसगडच्या बस्तर भागात ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या मृतांना गावच्या मातीत पुरण्यास मज्जाव झाला. असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २७ जानेवारी २०२५ च्या निकालात दोन न्यायमूर्तींची मतेही विभागली. ज्यांच्या प्रेताला जागा नाकारली जाते, त्यांनी तरी दुसऱ्या कोणाला परके ठरवू नये.

यिर्मयाच्या काळी लोक मंदिराच्या नावाचा जप करून निर्धास्त होते. संदेष्ट्याने विचारले : परदेशी, अनाथ व विधवा यांच्याशी तुम्ही कसे वागता? परमेश्वराच्या दृष्टीने ऱ्हासाची खूण हीच आहे. आणि बाबेलात नेलेल्यांना त्याच यिर्मयाने काय लिहिले? घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा.

७. आगगाडीतील ग्रंथ

आपण संस्कृती बुडवतो, या आरोपाला खरे उत्तर कोणते? ते वादाने कमी आणि जीवनाने अधिक देता येते. १८९३ साली एक मराठी कवी नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने निघाला होता. राजनांदगाव रायपूरच्या पश्चिमेला, त्याच लोहमार्गावर आहे. डब्यातील एका युरोपियन प्रवाशाने त्याच्याशी काव्याविषयी आदराने गप्पा मारल्या, आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्याच्या हाती दिली. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी मराठी संस्कृतीचे काय केले? त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन उभे केले, तुकोबांशी असलेले नाते कधी लपवले नाही. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. त्या आगगाडीत कोणी कोणाच्या देवाची निंदा केली नव्हती. कोणी आमिष दाखवले नव्हते. एक ग्रंथ दिला गेला आणि एका माणसाचा विवेक मोकळा ठेवला गेला.

शिरस्तेदाराच्या साक्षीकडे पुन्हा एकदा पाहा. पौल इफिसला सुमारे तीन वर्षे होता आणि त्याने सुवार्ता मुळीच लपवली नाही. तरी यांनी देवीची निंदा केलेली नाही, अशी ग्वाही एक अन्यधर्मीय अधिकारी भर सभेत देऊ शकला. आपली पत्रके, आपली भाषणे, आपली गीते एखाद्या सुज्ञ शेजाऱ्याच्या हाती दिली, तर तो आपल्याविषयी हीच साक्ष देऊ शकेल काय? जिथे देऊ शकणार नाही, तिथे दुरुस्ती आपण करावयाची आहे.

आणि जो मंचावरून उतरला, त्याचीही आठवण ठेवा. रायपूरच्या त्या महंतांनी आपल्याच लोकांच्या टाळ्यांकडे पाठ फिरवली. तसा प्रसंग आपल्यावर आपल्याच मंडळीत, आपल्याच सभेत येईल. त्या दिवशी उठून उभे राहण्याचे धैर्य प्रभू आपल्याला देवो. त्याची मंडळी भीतीवर उभारलेली नाही, म्हणून भीतीने राखण्याचेही कारण नाही.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. देमेत्रियाच्या भाषणात धंदा, देवी आणि संस्कृती यांची सरमिसळ कशी झाली आहे? आजचे एखादे उदाहरण द्या.
२. शिरस्तेदार अर्तमीचा भक्त असूनही न्याय करू शकला. यावरून धर्मनिरपेक्ष कायद्याविषयी आपण काय शिकतो?
३. आपल्या गावात अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांबरोबर आपली मंडळी कोणते एक काम हाती घेऊ शकेल?
४. गेल्या महिन्यात आपण पुढे धाडलेला कोणता संदेश आलेक्सांद्राचे तोंड बंद करणारा होता?

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या भीतीपासून आम्हांस सोडव. आम्ही राहतो त्या नगराचे कल्याण कर. जे आमच्याविरुद्ध ओरडतात त्यांना आणि जे तुला न मानता दीनांच्या बाजूने उभे राहतात त्यांनाही आशीर्वाद दे. आमच्या शेजाऱ्यांना आमच्याविषयी चांगली साक्ष देता यावी असे आम्हांस जगव. आमेन.